ओळखीच्यांची यादी

घरं विकायची परीक्षा मी पहिल्या फटक्यात पास झाले, पण न्यूझीलंडमध्ये नुसत्या परीक्षेने भागत नाही. कुठल्यातरी कंपनीने आपल्या परवान्याखाली घेतल्याशिवाय नव्या एजंटला घरापुढे 'विकणे आहे'ची साधी पाटीही रोवता येत नाही. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. आम्ही राहायचो त्या टाकानिनी उपनगरात जिकडेतिकडे नवी घरं उठत होती आणि दोन कंपन्या मला घ्यायला तयार होत्या. त्यामुळे मी उगाचच भाव खात होते.

मोठ्या कंपनीचं ऑफिस चकचकीत होतं. तिथल्या मॅनेजरबाईंनी कॉफी दिली आणि एक कोरा तक्ता पुढे ठेवला. "ओळखीच्या शंभर माणसांची नावं नि फोन नंबर लिहून आण. सुरुवात तिथूनच करायची." नव्या एजंटला बहुतेक ठिकाणी हेच सांगतात, हे मला नंतर कळलं.

घरी येऊन लिहायला बसले. पहिलं नाव अर्थातच मागच्या रस्त्यावरच्या ताईंचं. इथे आल्या आल्या मी बाळंत झाले, तेव्हा महिनाभर त्यांनी डबा पुरवला होता. ताई आणि त्यांचे यजमान अजून भाड्याच्या घरात होते. मी फोन करून घर घ्या म्हटलं, तर भिडेखातर नाही कसं म्हणतील? माणसं जोडली ती काय यासाठी? मी कागद फाडून टाकला. नवरा म्हणाला, "अगं, निदान विचारून तर बघ." मी त्याचं ऐकते थोडीच.

दुसरी कंपनी डेअरीच्या, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या, शेजारी दोन खोल्यांत होती. म्हाताऱ्या मालकाने यादीबिदी मागितली नाही. चार रस्त्यांचा नकाशा हातात दिला. "दर आठवड्याला इथली दारं वाजवायची. जमेल?"

जमेल म्हटलं. "स्वीट अ‍ॅज," तो म्हणाला, म्हणजे इकडच्या बोलीत 'झकास', आणि मी त्याची एजंट झाले.

वर्षभर दारं वाजवली. कुत्री ओळखायला लागली, घरंही विकली. त्या चार रस्त्यांत ताईंचा रस्ताही होता. त्यांचं एक घर तेवढं मी सोडून द्यायची. मराठी मंडळात तर धंद्याचा चकार शब्द काढला नाही. याचा मला भारी अभिमान होता.

दुसऱ्या वर्षी ताईंनी वास्तुशांतीला बोलावलं. घर त्या मोठ्या कंपनीकडून घेतलं होतं. स्वयंपाकघरात दोघीच असताना मी हसत म्हटलं, "आम्हाला पत्ताच लागू दिला नाहीत."

ताई कोशिंबीर कालवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"तू विचारशील म्हणून सहा महिने थांबलो गं. ह्यांना म्हटलं, घेऊ तर तिच्याकडूनच. खिडकीतून दिसायचीस. शेजारचं दार वाजवायचीस, पलीकडचं वाजवायचीस. मग वाटलं, आपण तिला नको असू."

मला रडू आलं. त्यांच्यावर भीड पडू नये म्हणून मी आले नाही, एवढंच सांगायचं होतं. पण त्यांचा चेहरा बघून तेही सांगता आलं नाही.