नव्वदच्या पुढचा लंब

हे मी आजवर कोणाले सांगितलं नाही. बायकोलेही नाही — आणि तिले तर मी चप्पल चावली तरी सांगतो. आज सांगून राहिलो, पण सुरुवात कुठून करू हेच समजत नाही.

रायपूरच्या पुरानी बस्तीत राहतो मी. उभा जन्म गणित शिकवण्यात गेला, तेही हिंदीत. त्रिकोणमिती म्हणजे माझा हातखंडा! 'लाल बटे कक्का' — वर लंब, आधार, लंब. खाली कर्ण, कर्ण, आधार. साइन, कॉस, टॅन, तिन्ही निघाले. पोट्टे घोकायचे, पास व्हायचे. त्याच्यामागे काय आहे, हे मले कोणी विचारलं नव्हतं. मी तरी स्वतःले कधी विचारलं होतं का?

मग छत्तीसगड वेगळं होऊन रायपूर राजधानी झालं, शाळेत मोठा पडदा आला, इंटरनेट आलं. मले धड माउस धरता येईना. तो चालवायची मृणाल — दहावीतली, आमच्या शेजारच्या रेल्वेतल्या भाऊंची पोट्टी. मले वर्गातही काकाच म्हणायची. तिनं कुठूनतरी एक वर्तुळ शोधून आणलं. वर्तुळावर एक बिंदू. तो सरकवला की आतला काटकोन त्रिकोण बदलायचा, अन् बाजूले साइनची लाट आपोआप उमटायची. अन् तिनं तो बिंदू नव्वदच्या पुढे नेला.

"काका, समकोण त्रिभुज में नब्बे से बड़ा कोण तो होता ही नहीं. फिर ये लंब किसका है?"

मले येत नव्हतं. नव्वदच्या पुढे कुठे अधिक, कुठे उणे, हे नियम पाठ होते — पण काहून? ते नाही. "कोर्स में नहीं है," म्हणून मी पडदा बंद केला. आता इतकं तर कोणताही मास्तर करतो, नाही का? मीही तसंच समजत होतो.

पण आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, मराठी घरांची एक रीत होती. अकरावीचा फॉर्म भरायच्या आधी माझ्याकडे आणायचे, अन् मी म्हणीन तो विषय लिहायचे. भाऊ आले. मागे मृणाल.

"सर, पोट्टी गणित म्हणून राहिली. देऊ का?"

अकरावीचं गणित मीच घ्यायचो. म्हणजे अजून दोन वर्षं ही समोरच्या बाकावर, अन् तिचं ते वर्तुळ... अरे बाप रे!

"नका देऊ भाऊ," मी म्हटलं. "तिले नाही जमत. कॉमर्स द्या."

तिनं माझ्याकडे पाहिलं. भाऊंनी माझ्याच पेनानं लिहिलं.

भीती होती ती? की जळत होतो मी, पंधरा वर्षांच्या पोरीवर? अजून कळत नाही. पुढे उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेत जाऊन, दार लावून, माउस धरायले शिकत तेच वर्तुळ मी रोज फिरवलं. चौथ्या-पाचव्या दिवशी उमगलं — त्रिकोण विसरायचा, फक्त त्या बिंदूची उंची पाहायची. एवढंच! हसू आलं, अन् मग स्वतःची भयंकर लाज वाटली. पुढल्या वर्षी वर्गात तेच वर्तुळ दाखवलं. पोरं म्हणाली, सर, क्या समझाते हो! तिचं नाव मी घेतलं नाही.

आता ती रायपुरातच, तेलीबांध्याच्या एका ऑफिसात आहे. मजेत दिसते. मग मी तिचं बिघडवलं काय? की बिघडवलंच? विचार करतो अन् तिथल्या तिथेच फिरतो.

गेल्या दिवाळीत ती भाऊंसोबत फराळ घेऊन आली. माझ्या मोबाइलवर ते वर्तुळ उघडंच होतं. पाहून हसली.

"काका, आपने सही कहा था. मैथ्स मेरे बस का था ही नहीं."

भाऊ समोर बसले होते. सांगता आलं असतं. मी चिवड्याचा घास घेतला अन् होकाराची मान हलवत म्हटलं, "हव."