आंबलेलं खत आणि आमच्या ताई

माझ्या मोठ्या जाऊबाई चाकणच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत काम करतात. मी त्यांना ताई म्हणते. मारुंजीतल्या आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचं खत करायचं ठरलं, तेव्हा ते काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. शिफ्टवरून आल्या की चहाच्या आधी खताच्या टाक्यांकडे.

पावसाळ्यात टाक्या आंबल्या. शिळा भात, आमटी, लिंबाची सालं, सगळ्याचा चिकट लगदा झाला. आंबूस वास थेट तळमजल्यावरच्या आजोबांच्या खिडकीत. आजोबा मूळचे मारुंजी गावातलेच. म्हणाले, "ताई, जेवान जात न्हाई ह्या वासानं."

ताईंनी आम्लता तपासायची कागदी पट्टी लगद्यात बुडवली. ती लाल झाली. मग त्यांनी घमेलंभर चुना पसरला.

आंबूसपणा गेला खरा, पण झाकण उघडलं की डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. "आता डोळं चुरचुरत्यात," आजोबा म्हणाले.

ताई टाकीवर वाकल्या आणि झटकन मागे सरल्या. मग मला म्हणाल्या, "अमोनिया आहे गं. चुना जास्त झाला. झाडांना मिळायचं नत्र मी हवेत उडवून दिलं."

"कुणाला कळतंय? पावसानं झालं म्हणून सांगू."

"मला कळलंय ना!"

रविवारच्या मीटिंगमध्ये टाक्या बंद करायच्या गोष्टी निघाल्या. ताई उठल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "चूक माझी आहे. थोडी मुदत द्या." माझीच मान खाली गेली, त्यांची नाही.

मग त्यांनी लाकडी खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यातून भुसा आणला. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर भुसा, वाळका पाला आणि मूठभर जुनं खत. चुना बंद. हवा लागावी म्हणून ढीग खालवर करायचा. माझी कंबर धरायची. ताई दिवसभर उभं राहून आलेल्या, तरी फावडं सोडायच्या नाहीत.

हळूहळू ढीग आतून तापला, डोळ्यांना झोंबणारा वास ओसरला. खत काळंभोर, भुसभुशीत झालं. आजोबांनी स्वतः घमेलं आणून वांग्यांसाठी नेलं.

पुढे शेजारच्या सोसायटीनं ताईंना माहिती सांगायला बोलावलं. त्यांनी सुरुवातच चुन्याच्या चुकीपासून केली. मी मागे बसले होते. "ह्या आमच्या घरातल्या," असं शेजारच्या बाईंना सांगितल्याशिवाय मला राहवलं नाही.