मध्यंतर होणारच

आमच्या सासूबाई एका जुन्या, एकपडदी थिएटरच्या मॅनेजर आहेत आणि मी त्याच थिएटरात तिकीट खिडकीवर बसते. म्हणजे घरी सासू आणि कामावर साहेब, दोन्ही एकच. हे ऐकून माझ्या माहेरच्यांनी कपाळाला हात लावला होता. पण खरं सांगते, मला सासूबाई घरापेक्षा थिएटरात जास्त आवडतात. घरी त्यांना माझ्या भाजीतलं मीठ दिसतं, थिएटरात त्यांना पडद्याशिवाय काही दिसत नाही.

सुरुवात त्यांनी बॅटरी दाखवण्यापासून केली. उशिरा आलेल्यांना अंधारात खुर्चीपर्यंत न्यायचं काम. तेव्हा कित्येक सिनेमांत मध्यंतर कुठे करायचं ते ठरलेलं नसायचं. ऑपरेटर रीळ संपेल तिथे दिवे लावून मोकळा व्हायचा. एकदा पडद्यावर एका लहान मुलाचं प्रेत उचलत होते, आख्खं थिएटर रडत होतं, आणि भसकन उजेड झाला. बाप्ये माणसं नाकं पुसत चहाच्या रांगेत उभी राहिली, कुणी कुणाकडे बघेना. सासूबाई तडक वर केबिनमध्ये गेल्या आणि म्हणाल्या, "माणसाला रडताना उजेडात आणतोस? लाज नाही वाटत? उद्यापासून कुठे थांबायचं ते मी सांगणार."

तेव्हापासून ती रीतच पडली. पहिल्या खेळाआधी सासूबाई शेवटच्या रांगेत एकट्या बसून सिनेमा बघतात. योग्य जागा आली की हात वर करतात आणि ऑपरेटर खूण करून ठेवतो. त्यांचं म्हणणं असं की मध्यंतरात माणूस बाहेर गेला पाहिजे, पण त्याचा जीव खुर्चीतच अडकला पाहिजे. घरातली भांडणंही त्या ऐन रंगात आली की थांबवतात, "बाकीचं जेवण झाल्यावर" म्हणतात आणि जेवण झाल्यावर खरंच पुन्हा सुरू करतात.

तर आता एका गुंडाच्या, तीन भागांच्या सिनेमाची गोष्ट. त्याचा दुसरा भाग आला तेव्हा माझ्या नवऱ्याला मिसरूड फुटलं नव्हतं. तिसरा आला तेव्हा त्याला टक्कल पडायला लागलं होतं. दुसऱ्या भागाच्या शेवटी त्या गुंडाला त्याच्या सख्ख्या भावानेच पकडून दिलं होतं. पुढे काय झालं यावर आमच्या गल्लीत इतकी वर्षं लोक वाद घालत होते. आणि एवढं ताटकळल्यावर बातमी काय आली, तर सिनेमा घरबसल्या टीव्हीवर आणि फोनवर दाखवणाऱ्या एका कंपनीने घेतला. थिएटरांना फक्त एक आठवडा, मग घरोघरी.

गावातल्या मोठ्या, चकचकीत, पाच-पाच पडद्यांच्या थिएटरांनी नाक मुरडलं. आठवड्याने घरी दिसणार असेल तर आमच्याकडे कोण फिरकणार, म्हणून त्यांनी सिनेमा लावायलाच नकार दिला. सासूबाईंनी फोन उचलला आणि सिनेमा मागून घेतला.

"आई, मी एवढा मोठा टीव्ही घेतलाय," माझा नवरा म्हणाला. "आठवडाभर दम धर की."

"तुझ्या टीव्हीसमोर तू झोपतोस. तोंड उघडं टाकून. मी बघितलंय."

थिएटरचे मालक म्हातारे आणि भित्रे. ते मात्र त्या दिवशी स्पष्ट बोलले. "बाई, हा सिनेमा दोन आठवडे भरला तर पुढचे सिनेमेवाले आपल्याला विचारतील. एका आठवड्याने काही होणार नाही. दुसरा आठवडा मिळवा, नाहीतर मी कुलूप लावतो. माझ्याने आता होत नाही." मी, ऑपरेटर, दारावरचा माणूस, सगळ्यांनी ते ऐकलं. सासूबाईंचं आख्खं आयुष्य त्या इमारतीत गेलं होतं.

सिनेमा आला आणि त्याच्याबरोबर कंपनीची अट आली. साडेतीन तासांचा सिनेमा सलग दाखवायचा, मध्यंतर करायचं नाही. सासूबाईंनी लगेच कंपनीला फोन लावला.

"मॅडम, दिग्दर्शकांची तशी इच्छा आहे," तिकडचा माणूस गोड आवाजात म्हणाला. "सिनेमा तुटता कामा नये."

"आणि घरी? तुमच्या त्या रिमोटवर थांबवायचं बटण असतं ना?"

"हो, असतं."

"म्हणजे घरी माणसाने दहादा थांबवावा, मधे कुकर लावावा, फोनवर बोलावं, उरलेला उद्या बघावा. ते चालतं. आणि माझ्याकडे म्हाताऱ्या माणसांनी एकदा उठून पाय मोकळे केले की तुमचा सिनेमा तुटतो?"

"मॅडम, अट आहे ती."

"असू दे," म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या.

सिनेमात तो गुंड तुरुंगातून सुटून घरी येतो. स्वयंपाकघरात भाऊ एकटाच जेवत बसलेला असतो. गुंड समोर येऊन बसतो, एक हात टेबलाखाली. भाऊ मान वर करतो आणि विचारतो, "जेवलास का?" इथे सासूबाईंचा हात वर गेला. ऑपरेटरचं मत होतं की पुढच्या गोळीबारानंतर थांबावं. त्या म्हणाल्या, "गोळ्या झाडून झाल्यावर परत कोण येतंय? इथेच."

आठवडाभर थिएटर तुडुंब भरलं. मध्यंतरात लोक चहाचे कप हातात घेऊन मारेल की नाही मारणार यावर तावातावाने भांडायचे आणि घंटा झाली की धावत आत जायचे. असली धावपळ मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. कोपऱ्यावरचे शिंपीकाका तर तीनदा आले. बुधवारी कंपनीचा माणूस स्वतः येऊन उभा राहिला. तोच, गोड आवाजाचा.

"दुसरा आठवडा द्यायला आमची ना नाही," तो म्हणाला. "पण मध्यंतराचं आमच्या कानावर आलंय. उद्या दुपारच्या खेळाला मी स्वतः बसणार. सलग दाखवलात, तर लगेच परवानगी देतो."

मालकांनी सासूबाईंपुढे हात जोडले. चक्क हात जोडले. सासूबाईंनी त्यांचे हात खाली केले. मग म्हणाल्या, "ठीक आहे." मला इतका राग आला! त्या माणसाचा, मालकांचा आणि त्या 'ठीक आहे'चासुद्धा. माझ्याशी मिठावरून तासभर वाद घालणारी बाई, आणि इथे दोन शब्दांत गप्प?

गुरुवारी दुपारी मी खिडकी बंद करून आत जाऊन उभी राहिले. कंपनीचा माणूस मधल्या रांगेत बसला होता. सासूबाई मागे भिंतीला टेकून उभ्या, शेजारी मालक. भाऊ जेवत होता. गुंड समोर येऊन बसला. "जेवलास का?" आणि सिनेमा पुढे चालूच राहिला.

एक खुर्ची खाडकन मिटली. शिंपीकाका उठले होते. "अरे, मध्यंतर!" ते ओरडले. मग दुसरी खुर्ची वाजली, मग चार, मग सगळीकडून खडखडाट. दुसऱ्यांदा आलेले आधी उठले, त्यांचं बघून नवे उठले. कुणालाच कंपनी ठाऊक नव्हती की अट. इथे थांबतात, एवढंच परत आलेल्यांना ठाऊक होतं. बघता बघता थिएटर रिकामं झालं. पडद्यावर भाऊ भावावर गोळ्या झाडत होता आणि बघायला कंपनीचा माणूस एकटा.

"बाई, थांबवा ना," दारातून शिंपीकाका म्हणाले. "नवी माणसं आहेत. त्यांचा सिनेमा चुकतोय."

मालक जोरजोरात नकारार्थी मान हलवत होते. सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, पदर खोचला आणि जिना चढायला लागल्या. त्यांचे गुडघे गेलेले आहेत. मी मागून हात धरायला गेले तर माझा हात झटकला.

"थांबव," त्या ऑपरेटरला म्हणाल्या.

"बाई, दुसरा आठवडा..."

"रिकाम्या खुर्च्यांपुढेच चालवायचा तर त्यांचा टीव्ही काय वाईट आहे? थांबव. आणि मागे घे, 'जेवलास का'पासून."

दिवे लागले. कंपनीचा माणूस वर आला तो लालबुंद होऊन. "मॅडम, तुम्ही काय केलंत ते कळतंय ना तुम्हाला?"

"मध्यंतर केलं," सासूबाई म्हणाल्या. "खाली चहा मिळतो. रांगेत उभं राहावं लागेल."

दुसरा आठवडा मिळाला नाही. हल्ली सिनेमा रिळांवर नाही, कॉम्प्युटरच्या कुलूपबंद डब्यात येतो, कंपनीने परवानगी पाठवली तरच तो उघडतो. शुक्रवारी ती आली नाही. मालक मात्र कुलूप घेऊन आले. "दारावरच्या फळ्यावर 'बंद' लिहा," एवढंच म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. मलाही रडू आवरेना.

सासूबाईंनी खडू घेतला, फळा ओल्या फडक्याने स्वच्छ पुसला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मध्यंतर'.

"बाई, हे काय?"

"कुलूप तुमचं आहे मालक, लावा. फळा माझा आहे."

मालक कुलूप हातात धरून तसेच पायरीवर बसले. तेवढ्यात शिंपीकाका आले. त्यांनी फळा वाचला, मालकांकडे बघितलं, कुलपाकडे बघितलं.

"किती वेळाचं आहे हो मध्यंतर?" त्यांनी विचारलं.

"ते अजून ठरायचंय," सासूबाई हातावरचा खडू झटकत म्हणाल्या. "तुम्ही फार लांब जाऊ नका."