उजवीकडे पळणाऱ्या ओळी

माझ्या डाव्या डोळ्यापुढे वर्षभरापासून धूर आहे. रक्तातल्या साखरेनं केलं ते. काम उजव्यावर चालतं, म्हणून स्क्रीनवरची अक्षरं दुकानाच्या पाटीएवढी करून ठेवली आहेत. जळगावात घरी बसून मी केळी पिकवणाऱ्या खोल्यांचं तापमान सांभाळणारा प्रोग्राम लिहिते. जोडीला धुळ्याचा एक सहकारी, माझ्याहून लहान, मला अक्का म्हणणारा. भाषा लिस्प, म्हणजे कंसांची रास.

खोलीसाठी आम्ही एक मॅक्रो केला, म्हणजे भाषेला शिकवलेला आपला एक नवा शब्द. आम्ही ज्यात कोड लिहितो त्या सॉफ्टवेअरला, एडिटरला, तो काही उमगेना. त्याला वाटायचं हे साधं फंक्शन, आणि तो आतली प्रत्येक ओळ पार उजवीकडे, खोलीच्या नावाखाली नेऊन लावायचा. आत अट, अटीत आणखी एक मॅक्रो. माझ्या मोठ्या अक्षरांत अर्ध्या ओळी स्क्रीनबाहेरच. सरकवत जायचं, परत यायचं, तोवर कंस कुणाचा ते विसरायचं. वैताग नुसता.

एकदा वैतागूनच माझ्या एडिटरच्या सेटिंगमध्ये लिहिलं: खोलीचं नाव वरच्या ओळीवर राहू दे, खालचं सगळं फक्त दोन जागा आत. ओळी गुमान डावीकडे आल्या. दुसऱ्या सकाळी पुन्हा उजवीकडे. धुळ्याच्या सहकाऱ्याचा एडिटर फाइल सेव्ह करताना सगळं आपल्या पद्धतीनं लावून घ्यायचा. मी आणायचे, तो नकळत ढकलायचा. असे कित्येक दिवस गेले. सांगायचं तर डोळ्याचंही सांगावं लागणार, आणि मग काम हातचं जाईल, ही भीती होती.

शेवटी थकले आणि फोनवर त्याला सांगून टाकलं, डोळ्याचंही.

"अक्का, तुम्हीन माले आधी काबर नही सांगं?"

मग त्यानंच सुचवलं, दोन जागांची ती सूचना मॅक्रोच्या पोटातच लिहू. तशी लिहिली. आता ती कोडाबरोबरच जाते, धुळ्याचा एडिटरही ती पाळतो.

सकाळी फाइल उघडली. ओळी डावीकडेच होत्या. या माणसाला हातभर लांब ओळी लिहायची खोड. त्या सगळ्या जुन्या ओळी त्यानं मधे तोडून आखूड केल्या होत्या. एकही स्क्रीनबाहेर जात नव्हती. मी अक्षरं आणखी थोडी मोठी केली आणि वाचायला बसले.