अण्णांचा माउथपीस आणि माझा नवस

लग्नानंतरचे चार महिने मी एका माउथपीसची मनोभावे पूजा केली. सॅक्सोफोन वाजवताना तोंडात धरून फुंकायचा तो भाग असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

साल चौऱ्याऐंशी. कुडाळजवळच्या खेड्यातून मी विक्रोळीच्या चाळीत सून म्हणून आले. आठवड्याभरात सासूबाई मुलुंडला नणंदेकडे गेल्या, कारण डॉक्टरांनी बाळंतपणापर्यंत तिला अंथरुणावरून उठायला बंदी केली होती. देवपूजा माझ्या गळ्यात पडली. देवघरात गणपती, अन्नपूर्णा, बाळकृष्ण आणि त्यांच्या शेजारी बोटभर उंचीचा, वर निमुळता होत गेलेला, काळपट धातूचा एक देव. पाठीला लांबट फट, पुढून वरच्या बाजूला दोन बारीक खळगे. ते डोळे, हे मीच ठरवलं.

आमच्या कोकणात घरोघरी असा एखादा देव असतोच, ज्याचं नाव फक्त घरच्यांना ठाऊक असतं. पण नव्या सुनेने "हा कोण?" म्हणून विचारलं, की थेट माहेरचा उद्धार! मी न विचारताच चिंच लावून त्याला असं घासलं, की आतलं पितळ लखलखलं. (तो काळपट थर चांदीच्या मुलाम्याचा होता, हे पुढे कळलं.) रोज दोन्ही डोळ्यांवर गंध, फटीला हळदकुंकू आणि सोमवारी पंचामृत. इतर देवांना चमचाभर, याला दोन. बिचाऱ्याचं नावही कुणी घेत नव्हतं ना.

सासरे, म्हणजे अण्णा, कारखान्यात फिटर आणि लग्नसराईत बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवणारे. देवाला हात जोडायचे ते दारातूनच, तेही चष्म्याशिवाय. नवरा देवघरात शेवटचा डोकावला होता तो मॅट्रिकच्या निकालाच्या दिवशी.

आदल्या वर्षी दात काढल्यापासून अण्णांचं वाजवणं बंद होतं. श्रावणात नवी कवळी बसली आणि चाळीच्या गणपतीत त्यांचा कार्यक्रम ठरला. त्यांनी हौसेने सॅक्सोफोनची पेटी उघडली, तर माउथपीस गायब.

"मेनेझिस मास्तरांचा होता रे तो," अण्णा मटकन खाली बसले. मास्तर म्हणजे त्यांचे गोव्याचे गुरू. "त्यांच्या दातांच्या खुणा आहेत त्याच्यावर. त्या खुणांवर दात ठेवून मी तीस वर्षं वाजवलं."

घर उलटंपालटं झालं. मी नवऱ्याला हळूच विचारलं, "कसा असतो हो तो?"

"असतो गं, धातूचा. तोंडात धरून फुंकायचा."

मी दोन दिवस शिट्टी शोधली. सापडलीही, नवऱ्याच्या शाळेतली. ती मी मोठ्या अभिमानाने अण्णांपुढे धरली. अण्णांनी शिट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "राहू दे, सूनबाई."

नवऱ्याने धोबीतलावच्या वाद्यांच्या दुकानातून नवा काळा माउथपीस आणला. अण्णांनी दोनदा फुंकला आणि खाली ठेवला. "दात कुठे ठेवायचे तेच कळत नाही. माझं नाव काढून टाक कार्यक्रमातून." त्या दिवशी ते जेवले नाहीत. मला फार वाईट वाटलं. मी तडक देवघरात गेले आणि त्या अनामिक देवापुढे पदर पसरला. "अण्णांचा माउथपीस सापडू दे, तुला एकवीस मोदक करीन."

देव माझ्याकडे गंधभरल्या डोळ्यांनी बघत राहिला.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी सासूबाई परतल्या, नमस्काराला देवघराशी वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. "अगो बाय, हो अजून हंयसरच?" हा अजून इथेच कसा, म्हणून त्या माझ्या अनामिक देवाकडे बघत होत्या.

"कोण?" अण्णा बाहेरून ओरडले.

"तुमचो माउथपीस! गेल्या दसऱ्याक पूजेक ठेवललंय, उचलूचो ऱ्हवलो."

अण्णा चष्म्यासकट धावत आले. त्यांनी देव उचलला. मला चिंचेने घासणं आठवलं. रोज चार महिने घासलं होतं मी! त्या खुणा राहिल्या असतील का? अण्णांनी अंगठ्याने गंध पुसलं, खळगे चाचपले आणि डोळे मिटले.

"आहेत," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "काय काय घातलंस याला?"

"दूध, दही, तूप, मध, साखर," मी रडत रडत म्हटलं.

"मास्तर जन्मभर रमवर जगले गं. शेवटी तू त्यांना पंचामृतावर आणलंस."

आधी सासूबाई हसल्या, मग नवरा, मग मी रडता रडताच. दुपारभर मी गरम पाणी आणि केसांतला आकडा घेऊन देवाच्या पोटातलं हळदकुंकू काढत होते. संध्याकाळी अण्णा वाजवायला उभे राहिले. पहिला सूर जरा अडखळला, दुसरा मात्र असा निघाला, की सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. अख्ख्या मंडपाला तो नुसता सॅक्सोफोन होता. मला मात्र त्याला चंदनाचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी नवसाचा प्रश्न आला. "मोदक आता कुणाला दाखवायचे?" मी विचारलं. "मास्तरांच्या वतीने मी घेतो," म्हणत अण्णांनी नव्या कवळीने एकवीसच्या एकवीस संपवले.

आजही घरात काही हरवलं, की नवरा आधी देवघरात बघतो. मी चिडते. परवा त्याचा चष्मा दिसत नव्हता, तर सरळ तिकडेच गेला. तिथे नव्हता, असं मला फार ठासून सांगायचं होतं. पण तो चष्मा घेऊनच बाहेर आला. दोन्ही काचांवर गंध होतं.