खारीच्या शेपटीची जोड

माझी ताई प्राण्यांच्या घरांचे वॉलपेपर काढते. म्हणजे तिच्या डोक्यातल्या प्राण्यांच्या. एक छोटा कारखाना ते छापतो, लोक मुलांच्या खोल्यांना लावतात, पण ताईच्या लेखी गिऱ्हाईक एकच, तो प्राणी. साळिंदराच्या दिवाणखान्यात तिने फुगे काढले नाहीत. "फुटतील ना रे!" वटवाघळाच्या खोलीतली फुलं तिने खाली डोकं वर देठ अशी काढली, कारण उलटं लटकणाऱ्याला ती सुलटी दिसतात. त्या कागदापायी, उलटा लावला म्हणून, मी घरोघरी बोलणी खाल्ली. ते कागद भिंतीला चिकटवणारा मी एकटाच, तिचा धाकटा भाऊ. पंचावन्नाचा झालो तरी तिला मी छोट्याच.

दोन पट्ट्या शेजारी लावल्या की डावीवरची अर्धी फांदी उजवीवरच्या अर्ध्या फांदीला बरोबर मिळायला हवी. आम्ही त्याला जोड म्हणतो. ताईची जोड पस्तीस वर्षांत केसभर चुकली नाही. तिने लग्न केलं नाही. कुणी खोचून विचारलं तर म्हणायची, "माझी जोड कागदावर जमते, तेवढी पुरे." घमेंड होतीच तिला, आणि मला ती आवडायची.

गेल्या वर्षी जोड चुकायला लागली. एक फांदी जुळवली की दुसरी सुटायची. डोळे दाखवून ये म्हटलं तर बया अंगावर आली. कारखान्याच्या मालकांना कळलं असतं तर तिचं टेबल गेलं असतं, आणि टेबलाशिवाय ती आठ दिवस धड राहिली नसती. मग मी लबाडी सुरू केली. खळ लावलेला कागद ओला असताना थोडा ताणला जातो. मी ताणायचो, दाबायचो, जमवून घ्यायचो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यात खारीच्या घराचा कागद लावून घेतला आणि ताईला कौतुकाने बघायला बोलावलं. ताई भिंतीशी गेली. दोन पट्ट्यांची जोड खारीच्या शेपटीवर आली होती. तिने शेपटीला वीत लावली. पुन्हा लावली.

"ही लांब झालीय."

"भिंत वाकडी आहे," मी म्हणालो.

"नाचता येईना, अंगण वाकडं! भिंत सरळ आहे, छोट्या. कागद ताणलायस तू. कधीपासून?"

"वर्ष झालं."

ती मुलांच्या ठेंगण्या स्टुलावर बसली. तिचं तोंड एवढंसं झालं होतं. मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मी चिडतो. "मग काय करायचं होतं मी? तू कुणाचं ऐकतेस?"

"सांगायचं होतंस. वर्षभर मी त्यांना वाकडी घरं दिली." तिने भिंतीवरच्या खारीकडे बघितलं. "सरळ रेघ मला लाटेसारखी दिसते रे. वाटलं, होईल बरं."

दुसऱ्या दिवशी ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. तिथे कळलं की आहे तेवढं टिकवायचं, गेलेलं परत येणार नाही. तशीच ती कारखान्यात आली आणि माझ्यादेखत मालकांना म्हणाली, "प्राणी मला सुचतात, काढताही येतात. कडा जुळत नाहीत. त्या हा जुळवेल."

"ह्याला चित्र कुठे येतं?" मालक म्हणाले.

"काही येत नाही," मीही म्हणालो.

"चित्र कोण मागतंय? वर्षभर माझ्या चुका निस्तरतोय तो, आणि तुम्हाला पत्ता लागला नाही."

मालकांनी ताईच्या टेबलाशी आणखी एक खुर्ची आणायला सांगितलं.

पहिल्या दिवशी मी गोगलगाईच्या घराची कड आखली. ताईने बोटांनी मोजून बघितलं आणि खोडरबर माझ्यापुढे सरकवलं.

"चुकलंय. परत काढ."

वर्षभरात मला इतकं बरं वाटलं नव्हतं.