चुनाकाकूंची पश्चिमेची भिंत

चुनाकाकू वीट चाटून बघत. जुनी पडकी इमारत दिसली की मला गाडी बाजूला घ्यायला लावत, खाली पडलेला विटेचा तुकडा उचलून शर्टाला पुसत आणि जिभेचं टोक त्याला लावत. जीभ चिकटली तर वीट नरम, कमी भाजलेली. नाही चिकटली तर पक्की. हा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा ओशाळून इकडेतिकडे बघितलं. रस्त्यापलीकडे एक गृहस्थ कुत्रा फिरवता फिरवता थांबून आमच्याकडे पाहत होते. "बघू दे," काकू म्हणाल्या. "हे लोक कुत्र्याकडून अख्खं तोंड चाटून घेतात. मी एक वीट चाटली तर काय बिघडलं?"

काकूंना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्याविषयी इथल्या मराठी मंडळात कुणी बोललं की हसत हसत बोलतं, आणि ते बरोबरच आहे. मला मात्र तसं जमत नाही.

आमची ओळख मंडळाच्या गणपतीतली. नागपूरहून ओहायोतल्या डब्लिनमध्ये येऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. जेवणाच्या रांगेत माझ्यापुढे साठी उलटलेल्या एक बाई उभ्या होत्या. अंगावर चांगली इरकली साडी, पण नखांत, बांगड्यांच्या फटींत, अगदी भुवयांतही पांढरं काहीतरी बसलेलं. मी विचारलं, "काकू, मोदक तुम्ही केलेत का?" त्यांनी हात पुढे धरला. "उकड नाही ही. चुना आहे. आयुष्यभर चुना लावणारे पाहिले, म्हटलं आता आपणही लावावा." मागे कुणीतरी हसलं. बहुधा अशाच एका रांगेत त्यांचं ते नाव पडलं असणार. त्यांनी ते आनंदानं घेतलं होतं. फोनवरसुद्धा "मी चुनाकाकू बोलतेय" असंच म्हणत.

त्या मूळच्या मिरजेच्या. लग्न होऊन इकडे आल्या आणि तीस वर्षं एका काँक्रीट तपासायच्या प्रयोगशाळेत काम केलं. पुलांसाठी, इमारतींसाठी जे काँक्रीट ओतायचं त्याचे नमुने साच्यात घालायचे, महिनाभर ठेवायचे आणि मग यंत्राखाली दाबून फोडायचे. किती वजनाला फुटलं ते लिहायचं. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे तुझा-माझा धंदा एकच. मोडून बघायचं." त्या दिवसापासून मी त्यांची झाले.

नवरा गेल्यावर डब्लिनचं मोठं घर विकून त्यांनी तासाभरावरच्या एका जुन्या गावात विटांचं एक छोटं घर घेतलं. राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं, वर निमुळतं छप्पर, खिडक्यांवर विटांच्या कमानी, दाराशी झिजून खोलगट झालेली दगडी पायरी. एकुलता एक मुलगा निखिल मिनेसोटात ईडन प्रेरीला. तो फोनवर म्हणाला होता, "आई, यू आर सिक्स्टी-सेव्हन. हू डज दिस?" काकूंनी मला कारण सांगितलं ते वेगळं होतं. "डब्लिनच्या घराची भिंत ठोकली की पोकळ वाजायची गं. हे असताना जाणवायचं नाही. हे गेल्यावर फार वाजायला लागली."

त्या घराचं दुखणं काकूंनी मला पहिल्याच शनिवारी समजावून सांगितलं. मूळ बांधकाम चुन्यात होतं. मधल्या कुठल्यातरी मालकानं विटांमधल्या दरजा कोरून त्यांत सिमेंट भरलं होतं. सिमेंट कडक, त्यातून ओल बाहेर पडत नाही. मग ती नरम विटेतून वाट काढते, थंडीत तिथेच गोठते, फुगते आणि विटेचा दर्शनी पापुद्रा उडवून लावते. पश्चिमेच्या भिंतीला असे पापुद्रे गेलेल्या विटा जागोजाग होत्या. बोट लावलं की लाल भुकटी. "भिंतीत सगळ्यात नरम चुना पाहिजे," काकू म्हणत. "मरायचं तर चुन्यानं मरावं. तो पुन्हा भरता येतो. वीट कुठून आणणार?" तीस वर्षं सिमेंटवर पोट भरलेली बाई हे बोलत होती.

चार उन्हाळे माझे शनिवार त्या भिंतींवर गेले. काकू मशीन लावू देत नसत, हातोडी आणि बारीक छिन्नी, बस्स. दिवसभरात तीन हात लांबीची दरज साफ झाली तरी खूश. चुना भिजवून, मळून, अंगठ्यानं दाबून भरायचा आणि उन्हानं लवकर वाळू नये म्हणून वर ओलं गोणपाट टांगायचं. गोणपाटाला इथे काय म्हणतात ते शोधण्यात आमचा एक अख्खा शनिवार गेला होता. संध्याकाळी त्या ओल्या गोणपाटावर हात फिरवून जात, तान्ह्या मुलाचं पांघरूण चाचपावं तशा. मग आम्ही पायरीवर बसून थर्मासातला चहा पीत असू. डब्लिनमध्ये मी एकटी राहत होते, ग्रीन कार्डाची रांग संपत नव्हती, नागपूरचे फोन लग्नाच्या विषयापाशी येऊन थांबत होते. त्या पायरीवर यातलं काही आठवत नसे. घराची गरज काकूंना होती, असं सगळे समजत. मलाही होती.

घराचा इतिहास त्यांनी काउंटीच्या कचेरीत बसून, जुन्या खरेदीखतांतून शोधून काढला होता. गावाबाहेर विटांची भट्टी चालवणाऱ्या एका जर्मन माणसानं ते स्वतःसाठी बांधलं होतं. चांगल्या विटा गिऱ्हाइकाला गेल्या आणि नाकारलेल्या, कमी भाजलेल्या घरच्या भिंतीत बसल्या. त्यातल्या सगळ्यात वाईट पश्चिमेला, कारण ती बाजू रस्त्यावरून दिसत नव्हती. "शिंप्याच्या घरी ठिगळंच असायची," काकू म्हणाल्या. त्याला चार मुली होत्या. कोणती कोणत्या खोलीत झोपत असेल याबद्दल काकूंची ठाम मतं होती, आणि त्या अशा सांगत की जणू नात्यातल्याच पोरी.

चौथ्या उन्हाळ्यात मंडळातली दोन-तीन कुटुंबं घर बघायला आली. काकू त्यांना हा इतिहास सांगत होत्या. मध्येच म्हणाल्या, "या विटा माझ्या वडिलांनी भाजल्या. मिरजेला, नदीकाठी." पाहुणे माझ्याकडे बघायला लागले. मी हसून विषय बदलला. काकूंचे वडील मिरजेला शाळामास्तर होते.

त्यानंतर मी बघायला लागले, आणि बघितलं की दिसतंच. चहात दोनदा साखर. छिन्नी हातात धरून छिन्नी शोधणं. एकदा त्या घरून किराणा आणायला निघाल्या आणि दीड तासानं मला फोन आला, "मेघना, मी कुठेय ते मला कळत नाहीये." मी त्यांना शोधून आणलं. गाडीतून उतरल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं. "निखिलला सांगू नकोस. तो उद्या येऊन मला उचलून नेईल. तीन भिंती झाल्या, पश्चिमेची तेवढी राहिलीय. तेवढी होऊ दे. मग तू म्हणशील तिथे जाईन."

मी म्हटलं, "नाही सांगत." हे मी त्यांच्यासाठी केलं असं बरेच दिवस स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे निखिल त्यांना घेऊन गेला असता तर माझे शनिवार गेले असते.

पुढच्या वर्षी मे महिन्यात व्हिसाच्या कामासाठी मला भारतात जावं लागलं. तीन आठवड्यांसाठी गेले आणि तारीख पुढे जात जात चार महिने नागपुरात अडकले. काकूंना दर रविवारी फोन करायची. आवाज खणखणीत. "काम जोरात चाललंय," त्या म्हणायच्या. "पश्चिमेची भिंत होत आली. तू ये, मग बघ." मला बरं वाटायचं.

सप्टेंबरच्या शेवटी परत आले आणि दुसऱ्याच दिवशी तिकडे गेले. भिंत पूर्ण झाली होती. गोणपाट कुठे दिसत नव्हतं. दरजा सरळ, घोटीव, एकसारख्या, आणि करड्या. परातीएवढ्या लोखंडी पाटीत सिमेंट कालवल्याच्या खुणा होत्या आणि शेडच्या दाराशी सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांची नीट घडी घालून चवड रचलेली होती. ज्या घराच्या दरजांतलं जुनं सिमेंट आम्ही चार उन्हाळे खरवडून काढत होतो, त्याच घराच्या भिंतीत काकूंनी नवं सिमेंट भरलं होतं. भरण्यात कुठे चूक नव्हती. चुना त्या म्हातारपणी शिकल्या होत्या, तो आधी गेला. तीस वर्षं हाताखालून गेलेलं सिमेंट शिल्लक राहिलं.

काकू कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "कशी झालीय? कितीही वजन टाक, फुटायची नाही."

"छान झालीय," मी म्हटलं.

त्यांनी कौतुकानं भिंतीवरून हात फिरवला. मग सवयीनं एका दरजेत अंगठ्याचं नख रोवायला गेल्या. नख रुतलं नाही. त्यांनी दुसऱ्या दरजेत रोवून बघितलं, तिसरीत बघितलं. चेहरा हळूहळू बदलत गेला. मी तो बदलताना पाहिला.

"मेघना, हे सिमेंट आहे."

मी सरकून शेडच्या दारासमोर उभी राहिले.

"हे कुणी केलं?"

"आधीच्या मालकानं, काकू."

"गाढव माणूस," त्या म्हणाल्या. "वीट मारून टाकली सगळी. आणि आपल्याला दिसलं कसं नाही इतके दिवस?" मग त्या वाकून छिन्नी शोधायला लागल्या. छिन्नी त्यांच्या पायाशीच होती. मी उचलून दिली. अंधार पडेपर्यंत त्या ठोकत राहिल्या आणि मी शेजारी उभं राहून ठोकत राहिले, कारण थांबा कसं म्हणायचं ते मला कळेना. सिमेंट निघत नव्हतं. निघालं तिथे विटेची कड घेऊनच निघत होतं.

त्या झोपल्यावर मी निखिलला फोन केला. सगळं सांगितलं, केव्हापासून ते पण सांगितलं. तो म्हणाला, "यू न्यू फॉर अ इयर?" मी हो म्हटलं. तो पुन्हा कधी त्याविषयी बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

काकू ईडन प्रेरीजवळच्या एका वृद्धाश्रमात गेल्या. घर बाजारात काढलं, पण त्या हिवाळ्यात पश्चिमेची भिंत सोलून निघाली. मी दोनदा जाऊन आले. बर्फावर लाल पापुद्रे पडलेले असत. शेवटी ज्यानं ती जागा घेतली त्याला घर नकोच होतं. एप्रिलमध्ये एका सकाळी ते पाडलं. मी रजा काढून गेले होते. यंत्राचा धक्का लागल्यावर सिमेंटची भिंत अख्खीच्या अख्खी, एका तुकड्यात आडवी झाली. चुन्यातल्या तीन भिंतींच्या विटा मात्र सुट्या, शाबूत निघाल्या. त्या कुणीतरी ट्रकमध्ये भरून विकायला नेल्या.

काकूंना हे सांगायची वेळच आली नाही. तोवर घराची आठवण गेली होती, आणि त्यांचं इंग्रजीही. आधी शब्द अडायचे, मग वाक्यं, मग एके दिवशी त्या फक्त मराठी बोलायला लागल्या. तिथल्या नर्सना काही कळेना. निखिललाही कळेना. तो लहान असताना शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं, मुलगा मागे पडतोय, घरी इंग्रजीच बोला. दोघा नवराबायकोंनी ते आज्ञेसारखं पाळलं होतं. आता आई आणि मुलगा समोरासमोर बसत आणि दोघांत एकही भाषा उरली नव्हती.

म्हणून तो रविवारी दुपारी मला फोन लावून मध्ये ठेवायचा. "व्हॉट इज शी सेइंग?" बहुतेक वेळा साधंच असायचं. थंडी वाजतेय, डाळ अळणी आहे, खिडकी उघडा. मी कोण हे त्यांना आठवत नव्हतं. मराठी बोलणारी कुणी बाई, एवढंच. तरी मी प्रत्येक रविवारची वाट बघायची.

एका रविवारी निखिल म्हणाला, मला एक मराठी वाक्य शिकव. मी शिकवलं. त्यानं दोन-तीनदा घोकलं, आणि मग फोनमधून मला त्याचा आवाज ऐकू आला, जड, अडखळत: "आई, मी तुझा मुलगा."

काकू मला म्हणाल्या, "अहो, हे गृहस्थ मराठी शिकतायत वाटतं. चांगलं बोलतात. माझ्या निखिलला आम्ही नाही शिकवलं बघा. फार चुकलं."

"व्हॉट डिड शी से?" निखिल विचारत होता. "मेघना? व्हॉट डिड शी से?"

त्या भिंतीपाशी मी खोटं बोलले होते. या वेळी बोलले नाही. शब्दाला शब्द ठेवून सांगितलं. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी डब्लिनमध्ये माझ्या ओट्याशी फोन कानाला लावून उभी होते.

मग काकूंचा आवाज आला, हलका, काळजीचा, परक्या माणसासाठी निघतो तसा.

"बाई, तुम्ही ऐकताय ना? हे रडतायत हो. कुणाला तरी सांगा, त्यांना पाणी आणून द्या."